प्लेटचा कापलेला कोपरा

ब्लँटायर, १९ जून

बाई,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. तुमचा भाचा दाउदा सुक्या मासळीचा ट्रक घेऊन लिंबेच्या बाजारात येतो, त्याच्याकडे हे पत्र देईन. मला बघून तो तोंड फिरवील, पण पत्र पोचवील.

लिलोंग्वेला क्षय-चाचणीच्या समितीच्या सभेत मी जे बोलले त्याची माफी मागायची आहे. तुम्ही मागच्या रांगेतून उठून विचारलंत, "लुसुंगु, पीसीआरसाठी नमुना कुठून घेतलास?" साधा प्रश्न होता, एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. त्याऐवजी मी तुमच्या जाड चष्म्याकडे बघत म्हणाले, "बाई, काच जुनी झाली की पुसून भागत नाही, बदलावी लागते." तुमची जनुकं मोजायची चिपही काचेची, चष्माही काचेचा. सभागृह हसलं. मंत्रालयातून आलेले साहेबसुद्धा हसले. तुम्ही खाली बसलात आणि पर्सची चेन उघडून परत लावलीत. मला ते दिसलं होतं, आणि तरी मी पुढची स्लाइड लावली.

रक्तातून आरएनए वेगळा काढायला मला तुम्ही झोम्बात शिकवलंत. "जनुकं माझ्यात तुझ्यात सारखीच गं," तुम्ही म्हणायचात, "आत्ता या क्षणी कोण बोलतंय आणि कोण गप्प बसलंय, ते ऐकायचं." ते वाक्य मी अजून माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. तेव्हा तो विनोद मी शब्दशः मागे घेते.

पण बाई, आकडे मी बनवलेले नाहीत. क्षयाचा संशय असलेल्या त्याच मुलांचं रक्त, तीन पद्धती. तुमच्या चिपने त्या काचेवर आधीच लावून ठेवलेल्या ठिपक्यांपुरतंच ऐकलं. आमच्या नव्या यंत्राने जे काही होतं ते सगळं वाचलं आणि मोजलं. दोघांचा ताळमेळ बसेना, म्हणून क्षय ओळखायला तुम्ही निवडलेली ती चार जनुकं मी पीसीआरवर एकेक करून तपासली. पीसीआर माझ्या यंत्राच्या बाजूने बोललं. चिपने चुकीचं ऐकलं असा निष्कर्ष काढला, दुसरं काय करणार? क्षयाची लहान मुलं खोकून बेडका काढू शकत नाहीत, रक्तावरून ओळखणारी चाचणी त्यांना हवीच आहे. पण चुकीच्या चार जनुकांवर ती उभारून कसं चालेल?

समितीने चाचणीची योजना थांबवली, झोम्बातली तुमची प्रयोगशाळेची खोली बंद करायचं ठरवलं, हे मी मागितलं नव्हतं.

बोलण्याबद्दल क्षमा करा. काम माझं चोख होतं, एवढं तुम्हीही मानाल.

लुसुंगु


ब्लँटायर, १७ जुलै

बाई,

उसिपाची, त्या बारीक सुक्या मासळीची, टोपली मिळाली. दाउदा म्हणाला, "मावशीने पाठवली आहे, निरोप काही नाही." मी विचारलं, पत्र वाचलं का त्यांनी? तर म्हणतो, "चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलंय. अजून चुलीत घातलेलं नाही, एवढं खरं." आणि हसला. मग माझ्या मागच्या इमारतीकडे बोट दाखवून, "डॉक्टरीणबाई, तुमच्या त्या मोठ्या फ्रीजमध्ये माझ्या मासळीला जागा आहे का? तुमच्यापेक्षा जास्त माणसांच्या पोटात जाते ती." मी त्याला चहा पाजला. त्याने तीन चमचे साखर घातली आणि मला एक शब्द जास्त बोलला नाही.

चिपेरोनी सुरू झालाय. सोचेचा डोंगर आठवडाभर दिसलेला नाही, बारीक पाऊस आणि धुकं. झोम्बाहून तुमच्या खोलीतलं सामान इथे आणून ठेवलंय. चिप वाचायचं यंत्र आमच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकखाली. येता-जाता त्याच्यापुढून जावं लागतं. तुमच्या कपाटात सापडलेला लोकरी स्वेटर आणि चहाचा थर्मास दाउदाबरोबर पाठवते आहे.

संचालक डॉ. म्बेवे यांनी मला यंत्रकक्षाची प्रमुख नेमलं. आईला मी म्झिम्बाला फोन करून सांगितलं, तिने चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला कोणी सांगितलं असेलच.

एक किरकोळ गोष्ट. लेख छापण्याआधी मासिकाच्या परीक्षकाने एक साधी तपासणी मागितली: प्रत्येक नमुना मुलाचा की मुलीचा, हे आरएनएवरून जुळतं का. मुलींच्याच रक्तात बोलणारं एक जनुक असतं, तुम्हाला काय सांगायचं. तर मासाउत्सो नावाचा एक मुलगा आहे, न्सान्जेचा, तो आमच्या यंत्राच्या हिशेबात मुलगी निघाला. आणखीही एक-दोन असे आहेत. नावांची कुठेतरी गल्लत असणार. नमुने खळग्यांच्या प्लेटमध्ये भरायचं काम प्रयोगशाळेतली अलिनाफे करते, तिला विचारीन. नमुने भरले ते वादळाचे दिवस होते, सगळीकडेच गोंधळ होता.

तुम्ही बऱ्या आहात ना? तळ्याकाठी या दिवसांत वारा फार असतो.

लुसुंगु


ब्लँटायर, ११ ऑगस्ट

बाई,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

गेल्या आठवड्यात न्सान्जेच्या जिल्हा रुग्णालयातून वायसन आला होता. तुम्ही त्याला ओळखता, बालविभाग तोच चालवतो, डॉक्टर तिथे क्वचितच असतात. रक्ताचे नमुने घेऊन आला, बर्फाचा डबा खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "मॅडम, तो छोटा डबा कधी मिळणार? असियातु बाई म्हणाल्या होत्या, रक्ताचा थेंब टाकला की कळेल."

मी म्हटलं, "ते जमलं नाही, वायसन. चिपने निवडलेली जनुकं चुकीची होती."

"म्हणजे आम्ही परत डोळ्यांनीच ओळखायचं?"

"सध्या तरी."

"डोळ्यांनी तर सगळीच मुलं सारखी दिसतात, मॅडम. बारीक, ताप, पोट पुढे. क्षय असला तर औषध सहा महिने, नसला तर उगीच सहा महिने." मग बर्फाच्या डब्याचं झाकण दाबत म्हणाला, "बाईंना मी फोनवर सांगितलं होतं की आमच्याकडे वीज असते, तेवढ्यासाठी नाही म्हणू नका. खोटंच सांगितलं होतं. चाचणी यावी म्हणून." आणि खजील होऊन हसला.

तो माझ्यासमोर एवढ्याशा खोट्याने खजील झाला, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. त्याला निरोप देऊन मी खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

मासाउत्सो एकटा नव्हता. मुलांपैकी निम्मे मुली निघत होते आणि मुलींपैकी निम्म्या मुलगे. मी खळग्यांचा नकाशा कागदावर काढला आणि कागद फिरवून उलटा धरला. वरची डावी जागा खाली उजवीकडे. सगळे मुलगे मुलगे झाले, मुली मुली झाल्या. एकही चुकला नाही. मग मी तुमच्या चिपचे आकडे त्या उलट्या नकाशासमोर ठेवले.

जुळले, बाई. चारही एकेक तपासत बसले नाही, पण तुमची जनुकं क्षयाच्या मुलांत बोलत होती, बाकीच्यांत गप्प होती, जशी तुम्ही सांगितली होतीत तशीच. चिपने नीट ऐकलं होतं. आमच्या इथे कोणीतरी मूळ प्लेट फिरवून ठेवली आणि तशीच दुसऱ्या प्लेटमध्ये भरली. एका मुलाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं. आणि पीसीआर माझ्या बाजूने बोलणारच होतं, तेही त्याच प्लेटमधून भरलेलं. नमुना कुठून घेतलास, हे तुम्ही विचारलं होतं.

हे कोणाच्या हातून झालं ते नक्की सांगता येत नाही. वीज नव्हती, डिझेल संपलं होतं, फ्रीझर वितळायला लागले होते. घाईत प्लेटा हलवल्या गेल्या.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. डॉ. म्बेवेंना फक्त म्हणाले की नावांत थोडी गल्लत दिसते, लेख थांबवू या. तुम्हाला सर्वात आधी सांगते आहे. ते काही बरोबर नाही हे कळतं, सर्वात आधी समितीला सांगायला हवं. थोडा वेळ द्या.

लुसुंगु


ब्लँटायर, २९ ऑगस्ट

बाई,

दाउदाने तुमचा निरोप दिला. ट्रकमधून उतरलासुद्धा नाही, खिडकीतून म्हणाला, "मावशी म्हणते, 'कोणीतरी' म्हणजे कोण, ते लिही." आणि गेला.

लिहिते.

वादळाच्या तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी एकटी होते. सकाळी चालत गेले, रस्त्यात झाडं आडवी, चिलोब्वेच्या बाजूने माणसं चिखलातून गाद्या डोक्यावर घेऊन येत होती. फ्रीझरचा काटा चढत होता. मी बर्फात प्लेट ठेवली, खिडकीजवळ बसले आणि नव्या प्लेटमध्ये भरायला लागले. मूळ प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तो डावीकडे वर ठेवायचा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. उजेड उजवीकडून येत होता म्हणून मी प्लेट फिरवून घेतली, नीट दिसावं म्हणून. परत फिरवायची राहिली. बोटं गारठली होती आणि मनात होतं की आपण केवढं मोठं काम करतोय, सगळे घरी बसलेत आणि आपण एकटीने नमुने वाचवले. सभेत मी ते सांगितलंसुद्धा होतं, आठवतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

हे एवढंच असतं तर मी कदाचित मान वर करून सांगितलं असतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण पुढचं ऐका.

मंगळवारी डॉ. म्बेवेंनी मला बोलावलं. त्यांना परीक्षकाचं पत्र मिळालं होतं. "ही गल्लत म्हणजे काय आहे?"

मी म्हटलं, "एक प्लेट उलटी भरली गेली असावी."

"प्लेटा अलिनाफेच भरते ना?"

मी म्हटलं, "साधारणपणे."

बाई, तो एकच शब्द. खोटा नाही. साधारणपणे तीच भरते. साहेबांनी मान हलवली, काही लिहून घेतलं, म्हणाले, "तिचा करार या महिन्यात संपतोय, तेव्हा बघू. बाहेर बोलू नकोस, गाजावाजा नको." आणि मी "हो सर" म्हणून बाहेर आले.

त्या दिवशी अलिनाफे कुठे होती, सांगू? तिचं घर डोंगराच्या उतारावर होतं. ते उरलं नाही. ती तिच्या दोन्ही मुलींना घेऊन शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपत होती आणि तिच्या सासूला शोधत होती. सासू सापडली, पण जिवंत नाही. मी स्वतः मयताला गेले होते. मला माहीत होतं ती प्रयोगशाळेत असणं शक्य नव्हतं. तरी मी तो शब्द बोलले.

काल तिने मला विचारलं, "मॅडम, कराराचं काही कळलं का? मुलीची शाळा बदलायचीय, म्हणून विचारते." मी म्हटलं, विचारून सांगते. ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

दोन रात्री मला जेवण गेलेलं नाही, पण ते सांगून तुमच्याकडून काही मिळवायचं नाही. उद्या मी डॉ. म्बेवेंकडे जाते आहे. हे पत्र आज देते आहे ते मुद्दाम. तुमच्या हातात पडल्यावर मला मागे फिरता येणार नाही.

लुसुंगु


ब्लँटायर, १४ सप्टेंबर

बाई,

गेले. सांगितलं.

डॉ. म्बेवेंनी परीक्षकाचं पत्र घडी घालून खणात टाकलं. मग म्हणाले, "तू हे मला का सांगतेस? मी तर तुला वाट काढून दिली होती." मी म्हटलं, ती वाट अलिनाफेच्या अंगावरून जाते. ते चिडले. "आता भाषण नको. लिलोंग्वेत माझं तोंड काळं होणार, तुझं नाही. तुझं तर झालेलंच आहे." बरोबरच बोलले.

यंत्रकक्षाचं प्रमुखपद गेलं. लेख मागे घेतला. समितीला मी सहीचं पत्र पाठवलं, त्यात प्लेट मी भरली हे लिहिलं, आणि तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं हेही लिहिलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "चर्चमध्ये परत उभी राहू का सांगायला?" चिडून नाही विचारलं, खरंच विचारलं. मी म्हटलं नको. मग तीच म्हणाली, "तेव्हा मी उभी राहिले होते ना. आताही राहीन."

अलिनाफेला मी वेगळं बोलावलं. कुठून सुरू करावं कळेना, म्हणून सरळ त्या शब्दापासून केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी त्या वर्गात चटईवर पडले होते, तेव्हाची चूक माझ्या नावावर जात होती."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं मी कुठे होते. भाजी घेऊन आला होतात तुम्ही."

"हो."

"मग आता मी काय म्हणावं अशी अपेक्षा आहे? खरं सांगितलंत म्हणून आभार?"

ती उठली, हातमोजे कचऱ्यात टाकले. दारात म्हणाली, "काम मी करीन. मॅडम म्हणणार नाही." करार तिचा वाढवलाय. तेव्हापासून ती मला लुसुंगु म्हणते, तेही गरज पडली तरच.

समितीने विचारलंय, नकाशा उलटा करून आकडे दुरुस्त करून द्या, म्हणजे योजना पुन्हा विचारात घेऊ. मी ते करून पाठवणारच होते, तेवढ्यात दाउदा आला. या वेळी उतरला, बसला, साखर मागितली, आणि मग तुमचं बोलणं तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं: "'नकाशा उलटा केला की माझं खरं ठरतं, म्हणून तुला तो नकाशा आवडतोय. आधी सरळ नकाशा आवडत होता, कारण तुझं खरं ठरत होतं. मला असली दुरुस्ती नको. साठवलेल्या रक्तातून परत आरएनए काढा, पहिल्यापासून. नळ्यांना नुसते आकडे द्या, नावांची यादी माझ्याकडे राहील. कोणाला क्षय होता हे तुमच्यापैकी कोणालाही कळता कामा नये.' एवढं सगळं मला पाठ करायला लावलं हो मावशीने. ट्रक चालवू का शाळेत जाऊ?"

मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसताना लाज वाटली.

नळ्यांची यादी वायसन तुमच्याकडे थेट पाठवील. माझ्या हातातून जाणार नाही.

लुसुंगु


ब्लँटायर, २० नोव्हेंबर

बाई,

आंबे आलेत, उकाडा आहे, आणि निकाल आलेत. तुम्ही यादी उघडून पाठवलीत तशी आम्ही नावं जुळवली. अलिनाफेने आरएनए काढला, मी हात लावला नाही. प्लेट भरताना तिने एका मुलीला शेजारी उभं करून प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणवून घेतली. मी दुसऱ्या खोलीत बसले होते, मला ऐकू येत होतं.

तुमची तीन जनुकं तिन्ही पद्धतींत एकच सांगतात. चिप, वाचनयंत्र, पीसीआर. चिपवर फरक थोडा दबलेला दिसतो, यंत्रावर ठळक, पण दिशा तीच. त्या तिन्हींवर चाचणी उभी राहील.

चौथं नाही.

ते तुमचं आवडतं आहे हे मला माहीत आहे. झोम्बात तुम्ही त्याला "माझी ओरडणारी पोर" म्हणायचात. चिपवर ते ओरडतं. यंत्रावर गप्प आहे, पीसीआरवरही गप्प आहे, आणि या वेळी पीसीआरचा नमुना वेगळ्या नळीतून घेतला आहे. मी कारण शोधलं. त्या जनुकाचं एक भावंड आहे, अक्षरं जवळजवळ तीच. चिपवरच्या त्या ठिपक्याला भावंडही चिकटतं, आणि ओरडतं ते भावंडच. ते नुसत्या तापातही ओरडतं, क्षय असो वा नसो. चिपवर दोघांचा आवाज एकच ऐकू येत होता. यंत्र अक्षर न् अक्षर वाचतं म्हणून त्याला दोन आवाज वेगळे कळले.

खरं सांगते, मी हे लिहिणार नव्हते. मला वाटलं, चौथं जनुक यादीतून हळूच गाळावं, खर्च कमी होतो म्हणून तीनच ठेवली असं समितीला सांगावं. तुम्हाला आणखी एकदा सगळ्यांपुढे खाली बघायला लावायचं माझ्याच्याने होईना. अलिनाफेला तसं म्हटलं. ती नळ्या लावत होती, मान वर न करता म्हणाली, "कोणाच्या दयेसाठी? त्यांच्या, की तुझ्या?" मग पुढची नळी लावत, "साधारणपणे गाळतात का जनुकं?"

तिने तो शब्द मुद्दाम वापरला. मी तिथून उठून आले आणि हे लिहायला बसले.

तर हे आधी तुम्हाला, एकटीला. आकडे सोबत जोडलेत. समिती डिसेंबरात बसते आहे. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर सांगा, मी परत तपासते. मला चुकायचा आता इतका सराव झालाय की यातही चुकले असेन असं वाटत राहतं.

लुसुंगु


लिलोंग्वे, ११ डिसेंबर

बाई,

तुमची बस निघून गेली. मी डेपोजवळच्या खानावळीत बसून हे लिहिते आहे, समोरचा मक्याचा न्सिमा गार झालाय. उद्या दाउदा इथून जाणार आहे म्हणतो, म्हणजे पत्र तुमच्या पाठोपाठ पोचेल.

तुम्ही येणार हे कोणीच मला सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले, प्लेटचं सांगितलं, खिडकीतला उजेड, फिरवलेली बाजू, पीसीआर, सगळं. लोक कागदांत बघत होते. कोणाला दुसऱ्याची लाज बघायला आवडत नाही. मग तीन जनुकांचे आकडे दाखवले. चौथ्याची स्लाइड आली आणि मला पुढे बोलता येईना. तेव्हा मागून तुमचा आवाज आला.

"ते चौथं माझं चुकलं. चिपच्या ठिपक्यावर त्याचं भावंड चिकटत होतं, मी ते तपासलं नव्हतं. काढून टाका. पुढे चला."

आणि तुम्ही खाली बसलात. शेजारच्या बाईंकडून पाण्याची बाटली मागून घेतलीत. कोणी हसलं नाही, कोणी हळहळलं नाही, साहेबांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच असतं ते. जून महिन्यापासून मी जे तोंडातून काढताना अर्धी झाले, ते तुम्ही पाणी मागण्याआधी उरकलंत. परत खुर्चीत बसल्यावर मला माझ्या चुकीपेक्षा माझ्या रडगाण्याची जास्त लाज वाटली.

तीन जनुकांची चाचणी न्सान्जेला आणि आणखी दोन रुग्णालयांत करून बघायचं ठरलं. वायसनला मी लगेच फोन केला. तो म्हणाला, "आता विजेचं खरं सांगू का?" मी म्हटलं, सांग, बॅटरीवर चालणारा डबा मागू.

सभेनंतर डेपोच्या व्हरांड्यात मी तुमच्यापुढे गुडघे टेकले. तुम्ही म्हणालात, "ऊठ, चिखल आहे. कमरेचं चितेन्जे खराब होईल." मी विचारलं, परत याल का, तुमची खोली मागून घेऊ. तुम्ही म्हणालात, "नको. चिपचे दिवस संपले, ते तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. तुझं यंत्र माझ्यापेक्षा जास्त बघतं. मला आता तळं बघायचंय." मला वाटलं, झालं, माफ केलंत. मी रडायला लागले. तेव्हा तुम्ही पिशवी खांद्यावर घेतलीत आणि इतक्या शांतपणे बोललात की पहिल्यांदा मला कळलंच नाही.

"लुसुंगु, प्लेट उलटी होती म्हणून तू इतके महिने लिहिते आहेस. पण ती सरळ असती, तुझे आकडे बरोबर असते, तरी तू मला तशीच हसली असतीस ना?"

बस आली. तुम्ही उत्तरासाठी थांबला नाहीत. खिडकीशी बसलात, माझ्याकडे बघितलंत, हात हलवला नाहीत, तोंडही फिरवलं नाहीत.

मी तेव्हापासून इथे बसून त्याचं उत्तर लिहिते आहे. तीन पानं लिहून फाडली. त्यांत वय होतं, घाई होती, मंत्रालयाचे साहेब होते, पहिल्यांदा मोठ्या सभागृहात बोलताना माणसाच्या डोक्यात काय शिरतं ते होतं. सगळं खरं होतं आणि एकही ओळ तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हती.

हो बाई. हसले असते.

लुसुंगु